नारळाचा पंप कुठे असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात सोसायटीचा पंप जळला आणि तीन दिवस वरच्या टाकीत थेंब नव्हता. त्याच तीन दिवसांत चौथ्या मजल्याच्या गच्चीच्याही वर गेलेला आवारातला नारळ हिरवागार उभा होता. तुमच्या सातवीतल्या मुलीने विचारलं, ‘आई, नारळाचा पंप कुठे असतो?’ शाळेत तिला ‘केशाकर्षण’ हे उत्तर मिळालं. तिचा स्वतःचा अंदाज असा, की बांबूसारखी एक पोकळ नळी आत असणार. शिवाय तुम्ही लिहिलंय, की आवारात काँक्रीट टाकताना ते नारळाच्या बुंध्याला भिडवायचं ठरतंय. त्याचा झाडाच्या पाण्यावर परिणाम होईल का?

मी मुंबईच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यातला मोठा भाग ब्लेडने खोडांचे पातळ काप काढण्यात, ते सॅफ्रॅनिनमध्ये बुडवून रंगवण्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेला. निवृत्तीनंतर लोक आवारातली झाडं दाखवायला बोलावतात, म्हणून काँक्रीटचा प्रश्नही रोजच्या ओळखीचा आहे.

आधी पोकळ नळीबद्दल. बांबूच्या पेऱ्यातल्या पोकळीत फक्त हवा असते. पपईच्या देठाची पुंगळी आपण लहानपणी फुंकायचो, तीही हवेची. कमळाच्या देठातल्या लांबच लांब नळ्या चिखलातल्या मुळांपर्यंत हवा नेण्यासाठी असतात. डोळ्यांना दिसणारी पोकळी बहुधा पाण्याची नसते. बांबूत पाणी चढतं ते पोकळीभोवतीच्या भिंतीतून. बांबूचा आडवा काप भिंगाखाली धरला तर त्या भिंतीत बारीक ठिपके विखुरलेले दिसतात. त्या प्रत्येक ठिपक्यात जलवाहिन्या असतात, आणि त्यांचा व्यास साधारण केसाएवढा किंवा त्याच्या दोन-तीन पट.

मुलीला हे घरच्या घरी दाखवता येईल. जुन्या चाळीतलं सागवानी दार किंवा खुर्चीचा पाय, जिथे लाकूड आडवं कापलेलं आहे तिथे नीट बघायला सांगा. बारीक छिद्रांच्या ओळी दिसतील. सुताराने केलेली ती छिद्रं नव्हेत. झाड उभं होतं तेव्हा त्यांतून पाणी जात होतं. दुसरं म्हणजे वेताची एक वीतभर कांडी घ्या, एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकातून जोरात फुंका. बुडबुडे येतात. वेताच्या नळ्या इतक्या रुंद आणि लांब असतात, की फुंकर आरपार जाते. हा प्रयोग मी दर वर्षी पहिल्या तासाला करायचो. आतापर्यंत पुस्तकात वाचलेली नळी खरोखर आहे, हे त्या बुडबुड्यांनी एकदम पटतं.

आता केशाकर्षण. हे उत्तर खोटं नाही, पण चुकीच्या जागी लावलं जातं. बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं, हे खरं. किती चढतं, ते नळीच्या रुंदीवर ठरतं. एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या नळीत ते जेमतेम ३० सेंटिमीटर चढतं, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढं. तुमचा नारळ सुमारे १५ मीटरचा धरला, तर १४ मीटर आणि ७० सेंटिमीटरांचा हिशोब शिल्लकच राहतो.

मग वरून शोषून घेतलं जातं का? इथे तुमच्या प्लंबरला विचारा. जमिनीखालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर ठेवलेल्या पंपाने ओढून घेता येईल का, असं विचारलंत तर तो नाहीच म्हणेल. पंप खाली ठेवून पाणी वर ढकलावं लागतं. वरून शोषणारा पंप प्रत्यक्षात पाणी ओढत नाही. तो नळीतली हवा काढून टाकतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. तो दाब पाणी १०.३ मीटरच्या वर नेऊ शकत नाही. १६४३च्या सुमारास टोरिचेलीने पाऱ्याची नळी उलटी करून हवेच्या दाबाचं गणित दाखवलं, तेव्हापासून हे माहीत आहे. पण नारळ त्या मर्यादेच्या पलीकडे गेलाय. कॅलिफोर्नियातले रेडवुड तर ११५ मीटरपर्यंत जातात.

मग पुढची शंका अशी, की खोडातल्या जिवंत पेशीच टप्प्याटप्प्याने पाणी वर ढकलत असतील. आपल्या जगदीशचंद्र बोसांनाही तसंच वाटत होतं. १९२३मध्ये त्यांनी मांडलं, की खोडातल्या पेशी स्पंदन पावतात आणि त्या स्पंदनांनी रस वर जातो. त्यांच्या उपकरणांची बारकाई आजही थक्क करते, पण हे म्हणणं टिकलं नाही. त्याआधीच, १८९१मध्ये, जर्मनीत बॉनला श्ट्रासबुर्गरने सुमारे २० मीटर उंचीची झाडं बुंध्यापाशी कापून विषारी द्रावणात उभी केली होती. विषाने वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढतच राहिलं. पानांपर्यंत विष पोचून पानं मेली, तेव्हाच ते थांबलं. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. खोडात पंप नाही, हे त्याने दाखवलं. ओढणारं जे काही आहे ते पानात आहे, हेही त्यातूनच कळलं.

मुळं थोडं ढकलतात, हे मान्य. पावसाळ्यात सकाळी अळूच्या पानाच्या टोकाशी थेंब लोंबताना तुम्ही पाहिला असेल. तो दव नसतो. रात्रभर मुळांनी क्षार आत घेतले, त्यांच्यामागे पाणी आलं, हवा दमट म्हणून पानातून उडालं नाही, म्हणून ते टोकातून बाहेर पडलं. याला मूलदाब म्हणतात. अळूला तो पुरतो. नारळाला दिवसा, भर उन्हात, त्याचा फारसा उपयोग नाही.

खरं उत्तर १८९४मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या दोघांनी मांडलं. पाण्याला वर ओढलं जातं, आणि ओढणारा दोर म्हणजे पाणी स्वतःच. विहिरीवरचा रहाट आठवा. दोर वरून ओढला की खालची घागर येते, कारण दोर मधे कुठे तुटलेला नसतो. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की बारीक नळीत कोंडलेली पाण्याची सलग धार ताणता येते. ऐकायला विचित्र वाटतं, कारण आपल्या हातात पाणी तुटतं, सांडतं. पण नळीत हवेचा एकही बुडबुडा नसेल आणि भिंती पूर्ण ओल्या असतील, तर पाणी दहा-वीस वातावरणांइतका ताण सहज सोसतं. (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब.)

दोर ओढतं कोण? इथे केशाकर्षण परत येतं, आणि यावेळी योग्य जागी. पानाच्या आत, पर्णरंध्रांच्या मागे, पेशींच्या भिंती ओल्या टिपकागदासारख्या असतात. त्या भिंतींतली छिद्रं जलवाहिनीच्या हजारो पट बारीक, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी. प्रत्येक छिद्रात पाण्याचा पृष्ठभाग किंचित आत वळलेला असतो. बाहेरची हवा तिथलं पाणी उडवते, वळण वाढतं, आणि ते मागचं पाणी पुढे खेचतं. दहा नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात ही पकड जवळपास १४५ वातावरणांची होते. म्हणजे नळी रुंदच ठेवलेली बरी. उचलायचं काम पानातली छिद्रं करतात, खोडातल्या नळीला फक्त वाट द्यायची असते. मुलीच्या बाईंना हे एक वाक्य सांगितलंत तर त्यांनाही आवडेल: केशाकर्षण पानात आहे, खोडात नाही.

या कामासाठी लागणारी शक्ती सूर्याची आणि कोरड्या हवेची. ‘आपली मुंबईची हवा कुठे कोरडी?’ असं तुम्ही म्हणाल. ऐंशी टक्के दमट हवेत घामाने अंग चिकचिकतं, कपडे वाळत नाहीत. पण तीच हवा पानातल्या पाण्याला सुमारे ३०० वातावरणांच्या जोराने ओढत असते. नव्वद टक्क्यांनाही ही ओढ १४०च्या घरात राहते. झाडाला याची काळजी घ्यावी लागते ती उलट्या बाजूने, म्हणजे ही प्रचंड ओढ थेट खोडावर येऊ न देण्यासाठी. म्हणून पानांना मेणाचा थर, म्हणून उघडझाप करणारी पर्णरंध्रं.

तुमच्या नारळाचा हिशोब असा. दर दहा मीटर उंचीला एक वातावरण, म्हणजे १५ मीटरला दीड. नळ्यांतल्या घर्षणासाठी साधारण तेवढंच. एकूण तीन वातावरणं, गाडीच्या टायरमधल्या हवेपेक्षा थोडं जास्त. प्रत्यक्षात भर दुपारी बहुतेक झाडांच्या पानांत दहा ते वीस वातावरणांचा ताण असतो, कारण माती स्वतः पाणी सहजी सोडत नाही.

हा ताण मोजायची युक्ती १९६५मध्ये शोलांडर यांनी सगळ्यांसमोर ठेवली. फांदी तोडली की ताणलेलं पाणी आत जातं, मग बंद भांड्यात पानांवर हवेचा दाब देत जायचं, आणि कापलेल्या टोकाशी पाणी परत दिसलं की तेवढाच आधीचा ताण. उंच झाडांच्या शेंड्यावरची डहाळी मिळवायला त्यांनी बंदुकीने नेम धरून ती पाडवली होती. आणि त्यांनी मोजलेल्या झाडांत आपल्या खाडीतल्या तिवरांची जातभाई होती. तिवर मुंबईकराने एकदा तरी नीट बघावं. समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी वेगळं काढायला निदान पंचवीस वातावरणांची ओढ लागते. तिवर ती रोज, गाजावाजा न करता, फक्त पानांतून पाणी उडवून मिळवतं. मुळांपाशी बहुतेक मीठ अडवलं जातं, जे निसटतं ते पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. ऐरोलीला किंवा गोराईला गेलात तर तिवराचं पान चाटून बघा. विद्यार्थी आधी नाक मुरडतात आणि मग एकमेकांना पानं देत सुटतात. तिवराच्या नळ्या मुद्दाम बारीक आणि भरपूर असतात. तसं का, ते पुढे येतं.

ताण असलेल्या नळीची पहिली अडचण म्हणजे ती चिमटते. पंपाच्या सक्शनला साधा मऊ पाइप लावला तर तो आत दबतो, म्हणून आत सर्पिल तार असलेला कडक पाइप घेतात. कोवळ्या जलवाहिनीत नेमकी तशीच सर्पिल पट्टी असते, लिग्निनची, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थाची. माझ्या मते सूक्ष्मदर्शकाखाली यापेक्षा सुंदर काही दिसत नाही: सॅफ्रॅनिनने लाल झालेली, स्प्रिंगसारखी उलगडणारी पट्टी. ही नळी तयार होते ती पेशीच्या मरणातून. पेशी आधी भिंत जाड करते, मग आतलं सगळं विरघळवून टाकते, दोन पेशींमधला पडदाही जातो. एकावर एक ठेवलेल्या रिकाम्या डब्यांची बुडं काढली की जशी नळी होईल, तशी. आत काहीच राहिलं नाही, म्हणून पाण्याला अडथळा नाही.

दुसरी अडचण हवा. ‘पंपाने हवा धरली’ हे आपण सगळे म्हणतो. नळीत हवा शिरली की पंप नुसता फिरतो, पाणी येत नाही, मग प्लंबर येऊन हवा काढतो. झाडाच्या नळीत बुडबुडा झाला तर ताणलेला दोर क्षणात तुटतो आणि ती नळी निकामी होते. या तुटण्याचा टक् असा बारीक आवाज होतो. १९६६मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन यांनी तो पहिल्यांदा नीट ऐकला, तोही एरंडाच्या पानात. आपल्या लोकलच्या रुळांकडेला कचऱ्यातही उगवणारा तो एरंड. उन्हाळ्याच्या दुपारी त्याची पानं मान टाकतात तेव्हा आत असे टकटक आवाज चालू असतात.

झाडाने यावर केलेली तजवीज म्हणजे एका नळीतून शेजारच्या नळीत पाणी जातं ते भिंतीतल्या बारीक पडद्यांतून. पाणी जातं, बुडबुडा अडतो. एक नळी गेली तरी शेजारच्या काम चालवतात. पण रुंद नळीचा मोह मोठा असतो. नळीचा व्यास निम्मा केला की प्रवाह सोळा पट कमी होतो. प्वाझय यांनी एकोणिसाव्या शतकात काढलेला हा नियम. म्हणजे एका रुंद नळीचं काम करायला निम्म्या व्यासाच्या सोळा नळ्या लागतात. गारंबीसारख्या वेलींना जाड खोड परवडत नाही, म्हणून त्या रुंद नळ्या ठेवतात आणि धोका पत्करतात. तिवराला एवढ्या ताणात धोका परवडत नाही, म्हणून ते बारीक नळ्यांवर भर देतं.

तेरड्याचा प्रयोग शाळेत केला असेलच: लाल शाई घातलेल्या पाण्यात फांदी ठेवायची आणि पारदर्शक खोडात लाल रेघा चढताना बघायच्या. मुलीबरोबर तो दोन फांद्या घेऊन करा. एक हवेत कापून पाच मिनिटं तशीच ठेवा, मग पाण्यात. दुसरी बादलीतल्या पाण्याखाली बुडवून कापा आणि टोक पाण्याबाहेर न काढता लाल पाण्यात सरकवा. दुसरीत रंग बहुधा लवकर आणि जास्त चढतो, कारण पहिलीच्या कापलेल्या नळ्यांत हवा शिरलेली असते. दादरच्या फुलबाजारातून आणलेले निशिगंधाचे दांडे घरी आल्यावर पाण्याखाली पुन्हा बोटभर कापावेत, ते याचसाठी.

आता तुमचा नारळ आणि काँक्रीट. नारळ माडकुळातला. आंबा किंवा साग दर वर्षी खोडाभोवती नव्या लाकडाचा थर चढवतो आणि त्याच्याबरोबर नव्या नळ्याही. नारळाला ती सोय नाही. बुंध्याच्या ज्या उंचीवर जी नळी झाड लहान असताना तयार झाली, तीच आयुष्यभर, साठ-सत्तर वर्षं, पाणी वाहते. नळ्यांचे गुच्छ खोडभर विखुरलेले आणि एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून चढण्यासाठी पाडलेल्या खाचा तो सहन करतो. पण खाच कधीच भरून येत नाही. तुमच्या नारळावर दिव्यांच्या माळा किंवा केबलसाठी खिळे ठोकले असतील तर नवे ठोकू देऊ नका. प्रत्येक खिळ्यामागे काही नळ्या कायमच्या जातात.

मुळांची गोष्ट याहून नाजूक. पाण्याला नळीत शिरण्याआधी मुळातल्या जिवंत पेशींच्या पटलातून जावं लागतं, आणि त्या पेशींना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो. तो मिळाला नाही, तर त्या पटलातली पाण्याची दारं बंद होतात. कुंडीत पाणी जास्त झालं की रोप ओल्या मातीत उभं असूनही मान टाकतं, ते यामुळेच. बुंध्याला भिडलेलं काँक्रीट दोन्ही गोष्टी रोखतं, पावसाचं पाणीही आणि हवाही. त्यात नारळाच्या मुळांवर पाणी शोषणारे बारीक केस नसतात. पाणी घेतात ती मुळांची कोवळी टोकं, आणि ती बहुतेक बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात, म्हणजे नेमकी तुमच्या काँक्रीटखाली.

काही वर्षांपूर्वी पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीने मला उशिरा बोलावलं. पाइपलाइन टाकताना ठेकेदाराने नारळाच्या एका बाजूची मुळं खणून टाकली होती आणि वरून काँक्रीट घातलं होतं. पावसाळाभर झाड ठीक दिसलं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. दमट हवेत पानांची ओढ कमी होती, उरलेली मुळं पुरत होती. मार्चमध्ये हवा कोरडी झाली, ओढ वाढली आणि खालच्या झावळ्या पिवळ्या पडत गेल्या. मी काँक्रीट फोडायला सांगितलं, पण तोवर शेंडा खालावला होता. ते झाड वाचलं नाही, आणि मला अजूनही त्याची चुटपुट आहे.

म्हणून कमिटीला सांगा: बुंध्याभोवती चारी बाजूंनी निदान एक मीटर माती उघडी ठेवा, शक्य असेल तर दीड. त्यापुढे ब्लॉक घालायचे असतील तर सिमेंटच्या थराऐवजी वाळूवर बसवा, म्हणजे सांध्यांतून पाणी आणि हवा जाईल. उघड्या मातीवर नारळाच्याच सोडणांचं आच्छादन करा. पाइप टाकायचा असेल तर दोन मीटर लांबून न्या, आणि ते अजिबात शक्य नसेल तर एकाच बाजूने, हाताने, जूनच्या आधी नव्हे तर पाऊस सुरू झाल्यावर खणा, म्हणजे नवी मुळं फुटायला झाडाला चार महिने मिळतील.